दहा दिवसांचं बिल, वर्षाचं बिल आणि सुखाचा हिशोब

वहीखातं

पैशानं सुख येतं का, असं विचारलं की आपल्याकडं लोक दोनच गोष्टी बोलतात. एक तर 'काय वर घेऊन जायचंय?', नाहीतर 'खिसा रिकामा असला की सख्खा भाऊ ओळख देत नाही.' बोलणारा माणूस तोच असतो, प्रसंग तेवढा बदललेला असतो. मला या दोन्हीपेक्षा वेगळं काहीतरी मांडायचंय.

मी कोल्हापूर जिल्ह्यात करवीर तालुक्यातल्या एका गावात दूध संस्थेची सचिव आहे. दोन्ही वेळचं संकलन, दुधातल्या फॅट-एसएनएफच्या (स्निग्धांश आणि बाकीचा घन भाग) नोंदी, दर दहा दिवसांनी बिल, दिवाळीच्या तोंडावर दूध फरक (वर्षभर घातलेल्या दुधावर मिळणारी जादा रक्कम), हे माझं काम. कुणाच्या घरात किती पैसे येतात आणि आलेले कुठं जातात, ते वहीत दिसतं. ती वही लिहिता लिहिता माझं मत पक्कं झालंय. पैसा किती येतो याला महत्त्व आहेच, पण तो कधी येतो आणि कुणाच्या नावावर येतो, याला त्याहून जास्त आहे.

ऊसवाल्याचं घर घ्या. जुलै-ऑगस्टात आडसाली लागण केली की तोड यायला पंधरा-सोळा महिने जातात, कधी त्याहून जास्त. तेवढ्या काळात एकच मोठं बिल. ते आलं की आधी सोसायटीचं पीककर्ज वळतं होतं, मग खताच्या दुकानाची उधारी, मग हातउसने. पाच-सहा लाखांचं बिल पंधरा दिवसांत संपलेलं मी बघितलंय, आणि त्यात उधळपट्टीचा एक रुपया नव्हता. त्याच्या शेजारच्या घराला रानच नाही, तीन म्हशी आहेत. वर्षाचा ताळा मांडला तर हे घर गरीबच. सरकी पेंड, वैरण, म्हशीच्या कर्जाचा हप्ता जाऊन हातात पडतं ते थोडंच. पण दर दहा दिवसांनी पडतं. त्या घरातली वहिनी किराणा दुकानात उधारीची वही न काढता सामान घेते, पोराची फी मुदतीत भरते. म्हैस आटली की तिचीही ओढाताण होते, भाकड काळ कुणाला चुकलाय? म्हणून तिन्ही म्हशी एकदम आटू नयेत, वेतं पुढं-मागं यावीत, असं ती बघते. पैशाचं याहून चांगलं नियोजन मी कुठल्या शिकलेल्या घरातही फारसं बघितलेलं नाही.

दुसरी गोष्ट नावाची. पहाटे उठून शेण काढणारी बाई, धार काढणारी बाई, किटली घेऊन संस्थेत येणारीही बाईच, आणि वहीत नाव सासऱ्याचं. जिथं खातं तिच्या नावावर आहे तिथं तेवढ्याच पैशात घरातलं बोलणं वेगळं असतं. ती सल्ला देते, आणि तो ऐकला जातो.

म्हणून विचारते. स्वतःसाठी ५०० रुपये खर्च करायचे झाले तर तुम्हाला कुणाला विचारावं लागतं? आणि विचारावं लागत नसेल, तर त्यातून सुख मिळालं का? अनुभव लिहा, सुविचार नकोत.

उद्यमनगरकर

ताई, 'कधी येतो' हे तुम्ही बरोबर पकडलंत. आमचंही दुखणं तेच आहे. माझं छोटं मशीन शॉप आहे, फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशिनिंग करतो. माल गेला, बिल गेलं, पैसे मात्र नव्वद दिवसांनी, कधी एकशेवीस. लघुउद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो की जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्या, नाहीतर चक्रवाढ व्याज द्या. आता तर अशी बिलं मुदतीत भागवली नाहीत तर भागवेपर्यंत माल घेणाऱ्याला तो खर्च आयकरात धरता येत नाही. कायदा चांगला आहे, पण ज्याचं शॉप एकाच गिऱ्हाइकावर चालतं तो त्याच्यासमोर कायद्याचं पुस्तक कसं उघडणार?

माझ्यात फरक पडला तो कामगारांना सहा महिने पगार देता येईल एवढी रक्कम बाजूला साठल्यावर. उत्पन्न होतं तेवढंच होतं. त्या साठ्याच्या जोरावर एका मोठ्या गिऱ्हाइकाला सांगितलं, या दरात आणि एवढ्या उधारीवर जमणार नाही. त्यानं काम काढून घेतलं, दोन मशिनं काही काळ बंद राहिली. तरी त्या रात्री मला झोप लागली. पैशानं मला काय दिलं तर 'नाही' म्हणायची ताकद दिली. नवीन गाडीही घेतली, पण तिचा आनंद महिनाभरात ओसरला. ही ताकद अजून रोज उपयोगी पडते.

भावड्या_पेठेतला

आक्का, लई भारी लिवलंय. पन एक सांगतो. सुख किती, समाधान किती ही चर्चा पोट भरल्यावरची. वडलांचं ऑपरेशन झालं, ते महात्मा फुले योजनेत बसलं म्हणून वाचलो. पन रोज दवाखान्यात जायचं-यायचं, बाहेरची औषधं, आईचा बुडालेला रोजगार, ते कुठल्या योजनेत बसतंय? त्या पंधरा दिवसांत मी चौघांकडं हात पसरला. दोघांनी दिलं, दोघांनी आदी चार गोष्टी ऐकवल्या, मग दिलं. पैसे फिटले, पन त्या चार गोष्टी अजून डोक्यातनं जात न्हाईत. पैशानं सुख येतंय का मला ठावं न्हाई, पन ही असली बोलनी ऐकायला लागत न्हाईत एवढं नक्की.

वहीखातं

भावड्या, तू लिहिलंस तेच या धाग्याचं मूळ आहे. वडील आता कसे आहेत ते कळव.

आकड्यांचा_मास्तर

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. वहीखातं यांनी वहीतून जे काढलंय त्यावर चक्क ऊस शेतकऱ्यांवरच झालेला अभ्यास आहे. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांना तोडीच्या आधी आणि उसाचे पैसे मिळाल्यानंतर अशा दोन वेळा बुद्धीच्या त्याच चाचण्या दिल्या. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. माणूस तोच, शेत तेच. पण पैशाची चणचण असताना त्याच माणसाचे गुण कमी आले आणि पैसे मिळाल्यावर वाढले. अंगमेहनत किंवा खाण्यातली कमतरता एवढ्यावरून हा फरक समजत नाही, हेही त्यांनी तपासलं. डोक्यातली बरीच जागा 'आता कुणाकडं मागू' या एका विचारानं व्यापलेली असते. आपण बाहेरून बघतो आणि म्हणतो, 'याला व्यवहार कळत नाही.' व्यवहार कळतो हो, पण त्या चणचणीच्या काळात त्याला विचार करायला मोकळं डोकं कुठं मिळतं?

म्हणूनच ऊस नियंत्रण आदेश, १९६६ मधली तरतूद मला फार मोलाची वाटते. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची, उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज द्यायचं. आपल्या जिल्ह्यात दर हंगामात आंदोलनं होतात तेव्हा शहरातले लोक वैतागतात. हा भांडणाचा विषय फक्त रुपयांचा नसतो, तारखेचाही असतो.

आता 'किती' बद्दल. डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये मांडलं की अमेरिकेत वर्षाला साधारण ७५ हजार डॉलरपर्यंत रोजचं बरं वाटणं वाढतं आणि पुढं थांबतं. 'अमुक रकमेपुढं पैशानं सुख वाढत नाही' हे वाक्य तेव्हापासून सगळीकडं फिरतंय. पण २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांना उलटं दिसलं, सुख थांबत नाही, वाढतच जातं. मग कानेमन आणि किलिंग्जवर्थ यांनी वाद घालत बसण्यापेक्षा बार्बरा मेलर्स यांना सोबत घेऊन एकत्र बसून आकडे पुन्हा तपासले. २०२३ मध्ये निष्कर्ष आला की बहुतेकांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढत राहतं. सर्वांत दुःखी असलेल्या साधारण २० टक्के लोकांचं मात्र सुमारे एक लाख डॉलरनंतर थांबतं.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, ही वाढ पटीत मोजायची असते. १५ हजारांचे ३० हजार झाल्यावर जेवढा फरक पडतो, तेवढाच पडायला दीड लाखवाल्याला तीन लाख लागतात. म्हणून भावड्याच्या घरातले दहा हजार आणि माझ्या घरातले दहा हजार सारखे नाहीत. दुसरी, त्या २० टक्क्यांचं दुःख वियोगाचं असेल, आजाराचं असेल, मनाच्या खोल उदासीचं असेल. तिथं एका मर्यादेपुढं पैसा पोचत नाही. डॉलरचे आकडे जसेच्या तसे रुपयात बदलून इथं लावू नका, कारण तिकडचा खर्च आणि आपला खर्च वेगळा.

पुण्याहून_परत

मी त्रेचाळीस वर्षांचा आहे, आयटीतली नोकरी सोडून कोल्हापूरला परत आलोय. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट जमलं की नोकरी सोडता येते, हा हिशोब तरुण पोरं तोंडपाठ म्हणतात. तो विल्यम बेंगेन यांच्या १९९४ च्या अभ्यासातून आलाय. पहिल्या वर्षी जमापुंजीच्या ४ टक्के काढायचे आणि पुढं महागाईप्रमाणे वाढवत जायचं. पण त्यात अमेरिकेतले शेअर आणि रोखे, तिकडची महागाई आणि निवृत्तीची ३० वर्षं धरलेली आहेत. माझ्यापुढं पंचेचाळीस वर्षं असू शकतात, आणि इथली औषधपाण्याची आणि शिक्षणाची महागाई कुठल्या वेगानं चाललीय ते आपण बघतोच. म्हणून मी पंचवीसपटीवर थांबलो नाही, आणखी बरीच वर्षं काढली. इथं वडिलांचं घर होतं म्हणून भाडं वाचलं, हेही सांगायला हवं. नुसत्या माझ्या हुशारीवर हे झालेलं नाही.

सुख मिळालं का? रविवारी संध्याकाळी छातीवर जे दडपण यायचं ते गेलं. हे फार मोठं सुख आहे. पण रंकाळ्यावर कुणी ओळखीचा भेटला आणि 'सध्या काय करतोस?' म्हणाला की बोलणं अडायचं. कामानं पैशाखेरीज बरंच काही दिलेलं असतं, वेळेची शिस्त, चार माणसं, आपली गरज आहे ही भावना. आता जवळच्या तालमीतल्या पोरांना पोलीस भरतीचं गणित शिकवतो, पैसे घेत नाही. बायकोला तिची नोकरी आवडते, ती चालू आहे, तिचं खातं वेगळं आहे. आमच्यातल्या एकानं काम सोडलं म्हणून दुसऱ्यानं सोडायला पाहिजे असं काही नाही.

संसारी_माणूस

वाचून थोडं वाईट वाटलं, म्हणून लिहितोय. आमच्या घरात माझं-तुझं नाही. बायकोच्या खात्यावर लाडकी बहीण योजनेचे १५०० येतात, दूध बिलही तिच्याच नावावर आहे, पासबुक आणि एटीएम कार्ड मी सांभाळतो. तिला काही हवं असलं तर मी नाही म्हणत नाही. कधी भांडण नाही. वेगळी खाती, वेगळे हिशोब करायला लागलं की घर तुटायला वेळ लागत नाही, अशी उदाहरणं मी बघितलीत. घरातल्या शांततेला पण सुखच म्हणायचं ना?

वहीखातं

दादा, तुम्ही चांगले आहात याबद्दल मला जराही शंका नाही. पण तुम्ही 'नाही' म्हणत नाही हे खरं असलं तरी तिला विचारावं लागतं हेही तितकंच खरं आहे. संस्थेत बायका माझ्याशी बोलतात तेव्हा मोठ्या खर्चाबद्दल तक्रार करत नाहीत. बहिणीच्या पोरीला ओवाळणी टाकायची असते, भिशीचा हप्ता असतो, दवाखान्यात एकटीनं जाऊन तपासून यायचं असतं. तिथं कारण सांगावं लागलं की बऱ्याचजणी ते कामच सोडून देतात. भांडण होत नाही ते त्यामुळंही असेल. कार्ड तिच्याकडं देऊन बघा, घर तुटणार नाही.

शिरोळची_लेक

दादांनी शांततेचं लिहिलं, म्हणून माझंही सांगते.

आमच्याकडं वडील गेल्यावर वारस नोंदीच्या आधी हक्कसोड पत्राचा कागद पुढं आला. कुणी दटावलं नाही, दमदाटी केली नाही. 'बहिणी कुठं हिस्सा मागतात का,' एवढंच कौतुकानं म्हटलं गेलं, आणि माहेर तुटेल या भीतीनं थोरल्या बहिणीनं लगेच सही केली. महाराष्ट्रात, तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क १९९४ पासून आहे. देशभर २००५ च्या दुरुस्तीनं मिळाला आणि २००५ ला वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क जन्मानंच आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. कायदा कधीच आपल्या बाजूनं उभा राहिलाय. मी सही केली नाही. भावानं दोन वर्षं भाऊबीजेला बोलावलं नाही, त्याचं दुःख मला झालं आणि ते खोटं सांगणार नाही. आता येणं-जाणं आहे. वाट्याला आलेलं रान मी त्यालाच कसायला दिलंय, पण सातबारावर माझं नाव आहे.

याचा सुखाशी काय संबंध? २०१९ च्या महापुरात आमचं घर पाण्यात होतं, घरातली माणसं छावणीत. पाणी ओसरल्यावर भिंती उभ्या करायला पैसे लागले तेव्हा सासरी पहिल्यांदाच मला विचारलं गेलं की काय करूया. कारण माझ्या नावावर काहीतरी होतं. त्या प्रश्नानं मला जे बरं वाटलं ते कुठल्या दागिन्यानं वाटलेलं नाही.

आमच्या तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याचा अभिमान आहेच. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, हे झालंच पाहिजे. त्याच्या पुढची पायरी माझ्या मते सातबारा आहे. नवरा गेल्यावर बाईच्या हातात उत्पन्नाचा कागद असेल तर तिचा मान राखायला दुसऱ्या ठरावाची वाट बघावी लागत नाही.

गंगावेशीतले_तात्या

सगळं शांतपणे वाचलं. पोरांनो, चांगलं लिहिताय.

आपल्या गावाला ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच कळली होती, म्हणून आठवण करून देतो. शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नोकरीला होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण गंगारामांना नोकरीतच ठेवून 'काळजी करू नको' असं म्हणून विषय संपवला नाही. स्वतःच्या पायावर उभं राहा म्हणाले आणि चहाचं हॉटेल काढायला भांडवल दिलं. 'सत्यसुधारक' त्याचं नाव. सुरुवातीला अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कुणी फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा घ्यायचे, बरोबरच्यांनाही पाजायचे. वसतिगृहांचंही तेच. १९०१ पासून एकेका समाजाच्या पोरांसाठी बोर्डिंगं उभी केली. डोक्यावर छप्पर आणि दोन वेळचं जेवण असलं की पोरगं मान खाली न घालता शिकतं, हे त्यांनी ओळखलं होतं. तेव्हा 'पैशानं काय होतंय' असं कोल्हापुरात तरी कुणी म्हणू नये.

आता माझं. पेन्शन पहिल्या आठवड्यात खात्यावर येते, घर माझं आहे, औषधाला कमी नाही. मुलगा परदेशात, मुलगी बंगळूरला, दोघंही फोन करतात. बायको जाऊन काही वर्षं झाली. मास्तरांनी ते २० टक्के सांगितले ना, त्यात मला धरा. ताटावर बसलं की समोर कुणी नसतं. यावर पेन्शन वाढून उपयोग नाही. रात्री गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जातो, डोळ्यांदेखत काढलेलं धारोष्ण दूध पितो. घरी दूध असतंच, मी जातो ते तिथं बोलायला माणूस मिळतो म्हणून. पैसा असल्यामुळं मी कुणावर भार नाही, ही गोष्ट मोठी आहे. ती नसती तर एकटेपणावर लाचारीही आली असती.

पुण्याहून_परत

तात्या, तालमीतल्या पोरांना गणित मी शिकवतो, पण इतिहास आणि कोल्हापूरची माहिती सांगायला कुणीच नाही, आणि सामान्य ज्ञानात ते लागतं. वर्ग संध्याकाळी सातला असतो. तुमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. मी घ्यायला येतो.

गंगावेशीतले_तात्या

येतो. घ्यायला यायची गरज नाही, मी चालत येईन.

भावड्या_पेठेतला

आक्का, वडील बरं हाईत. कालपास्नं दुकानात बसायला लागल्यात. तात्या, म्या पन येनार वर्गाला.

नवी_सभासद

मी इथं पहिल्यांदाच लिहितेय. पन्हाळा तालुक्यात राहते. चार म्हशी आहेत, सगळं मीच बघते. दूध सासऱ्यांच्या नावावर जातं, बिलही त्यांच्याच खात्यावर. ते वयस्कर आहेत, स्वभावानं चांगले आहेत, पण मला माझ्या नावानं दूध घालायचंय. संस्थेत विचारलं तर एका घरात एकच सभासद असतो असं सांगितलं. वहीखातं ताई, हे खरं आहे का?

वहीखातं

तू विचारलंस ते फार बरं केलंस. आधी संस्थेकडं उपविधीची, म्हणजे संस्थेच्या नियमांची, प्रत माग आणि सभासदत्वाचं कलम स्वतः वाच. 'एका घरात एकच' असं तोंडी सांगितलं जातं, पण बऱ्याचदा उपविधीत तसं काही नसतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम २३ नुसार पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही.

मग लेखी अर्ज कर. आधार कार्ड, तुझ्या एकटीच्या नावाचं बँक पासबुक, प्रवेश फी आणि भागाची (शेअरची) रक्कम जोड. अर्जाची पोच शिक्क्यासह घे, हे विसरू नकोस. अर्ज संचालक मंडळाच्या सभेत जातो. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर कलम २२ प्रमाणे सभासद करून घेतल्याचं मानलं जातं. लेखी नकार आला तर निबंधकांकडं अपील करता येतं, आणि त्यासाठीच तो पोचेचा कागद लागतो.

सासऱ्यांना आधी घरात विश्वासात घे. त्यांचं सभासदत्व राहू दे, त्यांचा दिवाळीचा फरक आणि मान आहे. चारपैकी दोन म्हशींचं दूध तुझ्या नावानं सुरू कर. बिलातून पशुखाद्याची कपात कुणाच्या खात्यातून होणार तेही पहिल्याच दिवशी ठरवून घ्या, नाहीतर नंतर त्यावरून कुरबूर होते. आणि खात्याला नॉमिनी नेमताना पोरीचं नाव घालायचं असेल तर घाल. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीनं पैसे ताब्यात घेतो, एवढं लक्षात ठेव.

अर्जाचा नमुना मी उद्या इथंच टाकते. आणखी कुणाला हवा असेल तर सांगा, आपापल्या निबंधक कार्यालयाचं नाव तेवढं बदलावं लागेल.